सहावा बाक

“आमच्या वह्या तुम्ही खरंच वाचता का?”

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, आवाज तर माझाच होता, आणि माझा आवाज म्हणजे काय विचारता, हँडबॉलच्या मैदानावर मी गोलमधून ओरडले की समोरच्या टीमची मुलगी हातातला चेंडू टाकते. पण प्रश्न वकिलीणबाईचा होता. वकिलीणबाई म्हणजे माझी वर्गमैत्रीण. तिच्या सात पिढ्यांत कुणी वकील झालेलं नाही, पण डब्यातल्या शेवटच्या घासावरसुद्धा ती बाजू मांडते. शुक्रवारी मधल्या सुट्टीत नळाजवळच्या पायऱ्यांवर बसून मी तिला आणि सुईला (सुई म्हणजे आमची तिसरी, आडवी वळली की दिसतच नाही) सगळं रंगवून सांगत होते. की येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मला सोळा पुरी होतात. की त्या दिवशी आमच्या प्रार्थनेच्या सभेत सगळ्यांसमोर मला माझी वही मिळणार. की सभेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे अशी वही असते आणि रोज तीत फक्त दोन वाक्यं लिहायची असतात: आज काय करावंसं वाटलं, आणि आपण काय केलं. मन एकीकडे ओढतं, आज्ञा दुसरीकडे असते. आपण आज्ञेकडे गेलो, हे लिहायचं. महिना संपला की वही सभा चालवणाऱ्या ज्येष्ठांच्या हाती द्यायची आणि नवी घ्यायची. याला तयारी म्हणतात. ज्याची तयारी पुरी, त्याला हाक येते.

“आणि ते वाचतात?” सुईने विचारलं.

“वाचतात म्हणजे? वाचतातच.”

“वही परत देतात का?”

“नाही. त्यांच्या कपाटात राहते.”

“मग झालं की!” वकिलीणबाईने मांडीवर थाप मारली. “पुरावा काय? आपल्या भूगोलाच्या बाई गृहपाठावर सही करताना खिडकीबाहेर बघतात. दोन पानं डिंकाने चिकटवून दिली तरी पत्ता लागत नाही. तुझे ज्येष्ठ काय वेगळ्या मातीचे? विचार त्यांना. सगळ्यांदेखत. हिंमत असेल तर.”

“आणि नाही विचारलं तर?”

“तर महिनाभर आमच्या दोघींच्या नकाशांत रंग तू भरायचेस. समुद्रासकट.”

डिंकाचं ऐकून मी नजर नळाकडे वळवली, पण मग हसले. मला हल्ली कशावरही हसता येतं. वर्षभरापूर्वी मी अशी नव्हते. कुणी हाक मारली तरी आधी माफी मागायची. मग खेळाच्या सरांनी मला गोलमध्ये उभं केलं, कारण माझे हात लांब आहेत, आणि पहिल्याच दिवशी तोंडावर चेंडू बसला, नाकातून रक्त आलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी रडत नाहीये, मी ओरडतेय, “अजून मारा!” तेव्हापासून आरशातसुद्धा मी जरा जास्त वेळ दिसते. तर असा हा सगळा आवेश घेऊन मी रविवारी सकाळी सभेत उभी राहिले आणि विचारलं. आणि विचारून झाल्यावर कळलं, की सभा म्हणजे मैदान नव्हे. तिथे आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडेच परत येतो.

आमची सभा टायरच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरते. जिना लोखंडी आहे. वर पोचेपर्यंत रबराचा वास नाकात इतका भरतो, की पाच वर्षांची असल्यापासून मला देव म्हटलं की तोच वास येतो. नव्या टायरच्या दुकानावरून जाताना मी नकळत आवाज खाली आणते. खोलीत सात बाक आहेत, एकामागे एक. नवीन माणूस दाराजवळच्या सातव्यावर बसतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्येष्ठ उठतात, एखाद्याकडे बघून म्हणतात, “पुढे या,” आणि तो माणूस एक बाक पुढे सरकतो. पहिल्या बाकानंतर आतली खोली, जिचं दार हिरवं आहे आणि जिच्यात काय आहे ते तिथे जाणारे सांगत नाहीत. आम्ही मुलं बाजूच्या भिंतीशी सतरंजीवर. प्रार्थना झाली की ज्येष्ठ विचारतात, “कुणाला काही विचारायचंय?” आणि कुणीही काहीही विचारत नाही. विचारायचंच नसतं. मनात दहा आकडे मोजायचे, तेवढी शांतता ठेवायची, की प्रश्न नाही हेच उत्तर पोचतं. ते दहा आकडे मला फार आवडायचे. खरं सांगते, सगळ्या आठवड्यात मला तेवढाच वेळ देवाचा वाटायचा. खाली कुणीतरी टायर घरंगळत नेत असायचा, कुणाचा तरी श्वास शिट्टीसारखा वाजायचा, आणि पाच ते सहाच्या मध्ये कुठेतरी असं वाटायचं, की आता कुणीतरी आत येऊन आपल्याशेजारी बसलंय. दहा वर्षांची असताना मी रफ वहीत चोरून सराव करायची. ‘आज सुईच्या डब्यातलं सगळं खावंसं वाटलं. अर्धंच खाल्लं.’ इतकी मला घाई होती वहीची. त्या रविवारी मी चारच्या आकड्यावर उठले.

एकोणचाळीस माना वळल्या. मी मोजल्या नाहीत, मला आणि आईला सोडून सभेत माणसंच तेवढी आहेत. आई दुसऱ्या बाकावर होती. तिने मान वळवली नाही, फक्त तिचे खांदे किंचित वर गेले, मागून कुणी गार पाणी ओतावं तसे. बाबा सहाव्या बाकावर. बाबा सहाव्याच बाकावर असतात. आम्ही सभेत आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. वर्षभरात बाबा सातव्यावरून सहाव्यावर आले आणि तेव्हापासून, म्हणजे दहा वर्षं, तिथेच. त्यांच्यामागून आलेले त्यांच्या पुढे गेले. आमचा दूधवाला त्यांच्या पुढे गेला. आई तर चार वर्षांत पाच बाक ओलांडून दुसऱ्यावर पोचली, आणि आता दर रविवारी नवरा-बायको एका जिन्याने वर येतात आणि चार बाकांच्या अंतरावर बसतात. लहान असताना मी एकदा विचारलं होतं, बाबा, तुमचा नंबर कधी? बाबा म्हणाले होते, “काटा हलतोय तोवर आकडा वाचायचा नसतो, राणी.” बाबांचं काम वजनकाटे तपासायचं. दुकानोदुकानी जातात, लाकडी पेटीतून पितळी वजनं काढतात, पारड्यात ठेवतात आणि काटा स्थिर होईपर्यंत नुसते बघत बसतात. सुट्टीत मी बरोबर जायची. वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं. हाताचा घाम लागला तरी वजन वाढतं, असं ते सांगायचे, आणि मी माझ्या बोटांकडे बघत बसायची, की माझ्या नुसत्या शिवण्याने एखाद्या गोष्टीचं खरेपण बिघडू शकतं. दुकानदार घाईत असायचे. “साहेब, झालं ना?” बाबा काट्यावरची नजर हलवायचे नाहीत. असा माणूस कुठेही दहा वर्षं बसेल, आणि वर म्हणेल की आत्ताच तर बसलो.

“वाचतो,” ज्येष्ठ म्हणाले. “एकूण एक.”

रागावले नाहीत. ते रागावत नाहीत कधी. गोल चेहरा, बिनइस्त्रीचा सदरा, नाकावर घसरलेला चष्मा. पूर्वी औषधाच्या दुकानात होते. मी बसायला हवं होतं. पैज जिंकून झाली होती, समुद्र आता त्या दोघींनी रंगवायचा होता. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“मग माझे बाबा अजून सहाव्या बाकावर का?”

कुणीतरी “अगं!” असं म्हटलं. बहुतेक दूधवाला. बाबांकडे बघायची माझी छाती झाली नाही. ज्येष्ठांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि मला हाताने जवळ बोलावलं. मी बाकांच्या मधून चालत गेले. आईच्या शेजारून जाताना आईने माझ्या फ्रॉकची कड पकडली आणि लगेच सोडली.

“तुझ्या वडिलांचं अक्षर फार वाईट,” ज्येष्ठ म्हणाले, आणि दोघंतिघं हसले. “मुंगी शाईत बुडवून सोडावी तसं. पण मी छत्तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्यात, बाळ. मला सगळं वाचता येतं. गेल्या थंडीत त्यांच्या वहीत दोन पानं चिकटलेली होती. कुणी चिकटवली कुणास ठाऊक. मी वाफ देऊन सोडवली. एक अक्षर फाटू दिलं नाही.” हे बोलताना ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. माझे कान इतके तापले, की टायरचा वास जळका वाटायला लागला. चिकटवली होती मीच. भूगोलाच्या बाईंवर चालतं ते इथे चालतं का, एवढंच बघायचं होतं, आणि मग बाबा चूपचाप वही देऊन आले आणि काहीच घडलं नाही, आणि काहीच न घडण्याचा मला तेव्हा केवढा आनंद झाला होता. “तू विचारलंस ते बरं झालं,” ते म्हणाले. “सगळ्यांनीच ऐका. ही सात वर्षांची असताना, एका रविवारी सकाळी, हिला ताप होता. हिच्या वडिलांनी त्या दिवशी लिहिलंय: आज मुलीजवळ बसावंसं वाटलं. सभेला आलो.”

मला तो ताप आठवतो. मला त्यातली गादी आठवते, जिच्या एका कोपऱ्यातली पिवळी फुलं धुऊन धुऊन फिकी झाली होती आणि तापात ती जवळ येऊन लांब जायची. आई आणि बाबा दोघं सभेला जाणार म्हणून खालची शिवणकाम करणारी मावशी वर आली होती. तिने मला बटणांचा डबा दिला होता, आणि मी त्यातली सगळी काळी बटणं वेगळी काढत होते. आई आधी गेली. बाबा दाराशी बूट घालत होते. त्यांनी एक बूट घातला, दुसरा घातला. मग एक काढला. एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा असे ते बराच वेळ दारात उभे होते, भिंतीला हात लावून. मला वाटलं होतं, खडा गेला असेल. नऊ वर्षं मला तेच वाटत होतं. मी ते कुणाला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं, एका माणसाच्या बुटात खडा गेला. मग त्यांनी तो बूट परत घातला आणि दार ओढून घेतलं, आणि मी बटणं मोजत राहिले, आणि मनात म्हटलं, बाबांना मी एवढी आवडत नाही. हेही नऊ वर्षं वाटत होतं. ते इतकं जुनं झालं होतं की आता दुखतही नव्हतं. घरातल्या एखाद्या मोडक्या खुर्चीसारखं, जिच्यावर कुणी बसत नाही आणि कुणी टाकतही नाही.

“अशी किती वाक्यं आहेत म्हणून सांगू,” ज्येष्ठ म्हणत होते. “शाळेच्या स्नेहसंमेलनाला जावंसं वाटलं. गेलो नाही. मुलगी पहिल्यांदा गोलमध्ये उभी राहिली, बघायला जावंसं वाटलं. बाकांना रंग द्यायला आलो. दहा वर्षांत एकही दिवस चुकला नाही, एकही वाक्य खोटं नाही. खरं वाक्य मला लगेच ओळखू येतं. यांची तयारी केव्हाच पुरी झालीय.” आणि मग ते थांबले, आणि त्यांनी पहिल्यांदाच सहाव्या बाकाकडे बघितलं, इतक्या मायेने, की मला ओरडावंसं वाटलं. “पण असा माणूस मी पुढे आणला, तर मागच्यांनी कुणाच्या पाठीकडे बघून शिकायचं? मी यांना तिथे ठेवलंय. विसरलेलो नाही.”

मी वळून बघितलं. बाबा रडत होते. मला वाटलं, संपलं, आता ते उठतील, त्या लोखंडी जिन्यावरून धाडधाड खाली जातील, आणि मी त्यांच्यामागे जाईन, आणि आम्ही कधीच परत येणार नाही. गोलमध्ये उभं राहून एक गोष्ट मी शिकलेय: चेंडूकडे बघायचं नाही, मारणारीच्या खांद्याकडे बघायचं; खांदा आधी सांगतो. मी बाबांच्या खांद्यांकडे बघितलं. ते सैल झाले होते, खाली आले होते, दहा वर्षांनी कुणी ओझं उतरवून घ्यावं तसे. बाबा आनंदाने रडत होते. त्यांच्या मागच्या सातव्या बाकावरचा एक नवा माणूस त्यांच्या पाठीवर हलकेच हात ठेवत होता, जसा देव्हाऱ्याच्या चौकटीला ठेवतात.

घरी येताना बाबा पुढे होते. एरवी ते आमच्या पावलाला पाऊल लावून चालतात. आज रस्त्याच्या कडेने, बंद दुकानांच्या शटरना बोटांनी हलकेच वाजवत, मुलासारखे चालले होते. आई आणि मी मागे. आईच्या अंगाला रविवारीसुद्धा मेणाचा आणि प्लास्टरचा वास येतो. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते; गुलाबी हिरडीत एकेक दात असा बसवते, की म्हाताऱ्या माणसाने हसून दाखवलं तर त्याच्या बायकोलाही शंका येऊ नये.

“फार शहाणी झालीस,” ती शेवटी म्हणाली. “अति शहाणा त्याचा बैल रिकामा.”

“आई, तू चिडलीस?”

“चिडून काय करू? बुधवारी तुला सांगणारच होते, वही मिळायच्या आधी. आता आजच सांगते.” तिने पुढे बघितलं. बाबा चार शटर पुढे होते. “खरं लिहायचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? शेजारणीची पर्स बघून हेवा वाटला, हेवा केला नाही. भांडी घासायचा कंटाळा आला, घासली. असलं लिहायचं. थोडं लाज वाटण्यासारखं, फार नाही. मी पहिल्यापासून तेच लिहिते. चार वर्षांत दुसऱ्या बाकावर आले.”

“पण ते म्हणाले, त्यांना खरं ओळखू येतं.”

“येतंच ना. म्हणून तर तुझ्या बाबांना सोडत नाहीत.” ती हसली. आई फार थोडी हसते, आणि हसली की तोंडावर हात ठेवते, दिवसभर लोकांचे दात बघून आपले लपवावेसे वाटत असतील. “माझं त्यांना कळत नसेल असं वाटतं तुला? चांगलं कळतं. त्यांना चालतं. नीट बसलेलं खोटं सगळ्यांनाच चालतं, त्यावर तर माझा पगार आहे.”

“मग तुला खरं काय वाटायचं?”

आई थोडं चालली. एका शटरखालून मांजर बाहेर आलं, आमच्याकडे बघून परत आत गेलं.

“आधी माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणजे लिहायला बसले की खरं बाजूला काढून ठेवायचं आणि दुसरं लिहायचं. पण इतकी वर्षं बाजूला काढत गेले ना, आता कुठे ठेवलंय तेच सापडत नाही. तुझ्या तापाच्या दिवशी मी काय लिहिलं ते आठवतं. ‘चहात साखर जास्त घ्यावीशी वाटली.’ मला काय वाटलं होतं ते मात्र…” आणि तिने हात असा केला, जसं हातावरचं प्लास्टर झटकतात.

मला तिचा हात धरावासा वाटला. आणि तत्क्षणी, शपथ, माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं: आज आईचा हात धरावासा वाटला. मी दचकलेच. वही अजून मिळालीही नव्हती आणि मी आधीच लिहायला लागले होते. हे कधी सुरू झालं? सराव करत होते तेव्हा? की सगळ्यांतच हे असतं, काहीतरी वाटतं आणि लगेच आत कुणीतरी पेन उघडून बसतं? मी आईचा हात धरला. जरा जास्तच जोरात, चेंडू धरावा तसा. “अगं, बोटं मोडशील,” आई म्हणाली. पण तिने सोडवून घेतला नाही. बाबा मागे वळून आम्हाला बघत होते, आणि सकाळच्या उन्हात त्यांचा चेहरा इतका सुखी होता, की मला तो बघवेना. मी विचार करत होते: समजा मी आता त्यांना सांगितलं, की बाबा, तुम्हाला फसवलं. तुम्ही पुढे जाणार नाही, कधीच नाही, मेलात तरी तुमची पाठ तिथे राहील. तर? दहा वर्षं चिकाटीने थांबलेल्या माणसाला आज काहीतरी मिळालंय. खोटं असेल, पण मिळालंय. आणि मी काय, एका पैजेसाठी उभी राहिलेली मुलगी, तेही काढून घेऊ? पण मग तो बूट? नऊ वर्षं तो बूट कुणाचा होता? माझा होता तो. माझ्यासाठी काढलेला. आणि तो एका औषधवाल्याच्या कपाटात, वाफ देऊन जपलेला. देवाला हे सगळं दिसत असेल तर त्याने एकदा तरी खाली येऊन सांगायला हवं होतं की अरे गाढवा, बस तिच्याजवळ. आणि गंमत अशी की मला अजूनही वाटतं, देव असेल तर तो त्या वेळी दारात बाबांशेजारीच उभा असणार, ज्या पायात नुसता मोजा होता त्या बाजूला. सभेत तेव्हा कुणीच आलं नसणार, कितीही आकडे मोजा.

घरी आल्यावर बाबा हातपाय धुऊन थेट टेबलाशी बसले. एरवी ते संध्याकाळी लिहितात. आज त्यांना धीर नव्हता. दहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना कशाची तरी घाई करताना बघितलं.

“खूश ना?” त्यांनी मला विचारलं. “सगळ्यांसमोर तुझा विषय निघाला. तुझ्या तापाचा.”

“बाबा, तुम्हाला माझ्याजवळ बसायचं होतं.”

“हो तर. ज्येष्ठांनी वाचलंच की.”

“मग बसायचं ना.”

ते हसले, वजन चिमट्याने न उचलता मी हाताने उचललं की हसायचे तसे. “बसलो असतो तर ताप उतरला असता का, राणी? ताप त्याच्या वेळेने उतरतो. आपल्या हातात एकच असतं, सांगितलं ते ऐकायचं. आणि बघ, वाया नाही गेलं काही.”

“मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही.”

पेनचं टोपण त्यांच्या हातात थांबलं. मला वाटलं, आता. काटा हलला. त्यांचे डोळे माझ्यावरून गेले, आईवरून गेले, परत माझ्यावर आले, आणि त्यांत काहीतरी खरंच वर येत होतं, मी बघितलं, शप्पथ बघितलं.

“अजून काय काय लिहिलंत माझ्याबद्दल?” मी विचारलं. “ज्येष्ठांनी कशाला वाचायचं, मला तुम्ही सांगा. एक तरी सांगा.”

बाबांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळावरची शीर दिसली.

“आठवत नाही गं,” ते म्हणाले. “लिहिलं की ते आपलं राहत नाही. तसंच असायला हवं. मन मोकळं होतं. तो बूट म्हणतेस… काय होतं बुटाचं?”

बुटाचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. येताना वाटेत मी आईला पुटपुटून विचारलं होतं, तुला आठवतो का तो बूट, आणि त्यांनी ते पुढून ऐकलं असणार. म्हणजे कान आमच्याकडे होते. म्हणजे शटर वाजवत, मुलासारखे चालत, ते सगळं ऐकत होते, आईचं खोटंही, आणि तरीही त्यांचा चेहरा तसा सुखी होता. मला हे कुठे ठेवावं कळेना. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही ते कळलं, कारण तिने दाराची चौकट धरली. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. बाबांनी टोपण काढून पेनच्या मागे लावलं, वही उघडली, वर तारीख घातली. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मुंग्या शाईतून निघाल्या: ‘आज बायकोला विचारावंसं वाटलं.’ मग थोडी जागा. मग: ‘विचारलं नाही.’ पूर्णविराम त्यांनी असा दिला, की कागदाला खड्डा पडला.

मी टेबलाच्या पलीकडे गेले. दोघं एका नजरेत दिसतील अशी उभी राहिले, पाय फाकवून, गोलमध्ये राहते तशी. वकिलीणबाई नव्हती, सुई नव्हती, पैज नव्हती. हे वाक्य माझं मलाच आलं.

“मी पुढच्या रविवारी वही घेणार नाही,” मी म्हटलं. “खरं लिहायची घेणार नाही आणि खोटं लिहायचीही नाही. आणि बाबा, हे ऐकून तुम्हाला आत्ता जे काही वाटतंय ना, ते तिथे लिहू नका. मला सांगा. हवं तर ओरडा.”